गेलेले वजन

सोमवार, ४ नोव्हेंबर. सकाळी अकरा.
वजन १३१.४०० किलो.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, वय वर्षे चौपन्न, वजनमापे तपासणी खात्यात निरीक्षक. नाव प्रवेशपत्रावर आहे, ते येथे पुन्हा लिहिण्याचे कारण नाही. कचेरीत माझ्या पाठीमागे मला ‘मणभर’ म्हणतात, हे मला ठाऊक आहे. ते नाव मी कोणत्याही कागदाखाली कधी लिहिलेले नाही आणि लिहिणार नाही. आज केवळ नोंद पूर्ण असावी म्हणून लिहिले.

या रोजनिशीचा हेतू एकच. जठर लहान करण्याची माझी शस्त्रक्रिया अठरा तारखेला आहे. त्याआधी चौदा दिवस फक्त द्रवाहार. यकृतावर चरबी चढून ते जठरावर पसरले आहे. ते आकसल्याशिवाय हत्यारे आत जाणार नाहीत, असे शल्यविशारदांनी सांगितले. घरी राहून हे जमणार नाही हे मला माहीत होते, म्हणून रुग्णालयाच्या आवारातील या तयारीगृहात दाखल झालो. चौदा दिवसांत काय घेतले, काय गेले, याची चोख नोंद मी ठेवणार आहे.

बऱ्याच दिवसांनी मन प्रसन्न आहे. खोली दुसऱ्या मजल्यावर, खिडकी पूर्वेला. पलंग लोखंडी असून मी बसल्यावर कुरकुरला नाही, एवढ्यावरूनच येथील माणसे समजूतदार असावीत. खोलीत दोन खाटा. दुसऱ्या खाटेवर एक निवृत्त शिक्षक आहेत. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. प्रमाणित वजनांची पेटी मी सोबत आणली आहे. ती मेहुण्याच्या गाडीतून आणावी लागली आणि तो वाटभर हसत होता. म्हणे, भाऊजी, एक तुम्ही आणि एक ही पेटी, आज टायरनं हात जोडले!

येथील वजनकाटा आल्या आल्या तपासला. तंतोतंत बरोबर. मी त्याला माझे शिशाचे सील लावले. प्रमुख परिचारिकेने, जिला सगळे मोठ्या सिस्टर म्हणतात, कपाळाला हात लावला.

मंगळवार, ५ नोव्हेंबर.
वजन १३०.२०० किलो.

आहार असा: सकाळी सातला प्रथिनांची पूड पाण्यात ढवळून दोनशे मिलिलिटर, दहाला गाळलेले भाजीचे पाणी, एकला पुन्हा पूड, चारला साखर नसलेली जेली, जिला पदार्थ म्हणणे हा पदार्थांचा अपमान आहे, सातला गाळलेले पाणी, नऊला पूड. मास्तर म्हणाले, हे जेवण नव्हे, वेळापत्रक आहे. मी हसलो नाही, पण म्हणणे रास्त होते.

दहाचे पाणी कोमट होते. गरम असायला हवे. तक्रार नोंदवली.

एक विचित्र प्रकार पाहिला. सकाळी वजन घेतल्यावर मोठ्या सिस्टर अॅल्युमिनियमचे जुने लिटरचे माप घेऊन आल्या. ज्याचे जेवढे वजन उतरले तेवढे पाणी त्यात भरायचे, त्याच्या डोळ्यांदेखत मोरीत ओतायचे आणि म्हणायचे, गेलं ते गेलं. माझे एक किलो दोनशे ग्रॅम असेच ओतले गेले. याचे प्रयोजन विचारले. त्या म्हणाल्या की अंगावरून उतरलेले वजन मोकळे सोडून चालत नाही, त्याला वाट दाखवावी लागते. त्यांच्या आधीच्या सिस्टरही असेच करीत. मी म्हटले, ही शिकलेल्या माणसांची संस्था आहे ना? मास्तर म्हणाले, अहो, पाणी त्यांचं, मोरी त्यांची, तुमचं काय जातंय? माझे काय जाते, हाच तर प्रश्न आहे.

बुधवार, ६ नोव्हेंबर.
वजन १२९.३०० किलो.

डोके ठणकते आहे. तोंडाला गंजाची चव. भूक पोटाला नाही, दातांना लागली आहे. चावायला काहीतरी हवे. टीपकागदाचा कोपरा चावला आणि लाज वाटली. मग लाजेचा राग आला.

सौ.चा एक वाजता फोन आला. जेवायला काय केले होते ते सांगू लागली. मी म्हटले, अक्कल गहाण टाकली आहे का? तीस वर्षे हिनेच वाढले, आग्रहाने वाढले, आणि आता सगळा दोष माझ्या जिभेचा! ती म्हणाली, वाढलं मी, पण कधी बरं म्हणालात का? एक दिवस मीठ जास्त, एक दिवस फोडी लहानमोठ्या. फोन ठेवला.

सकाळी सिस्टर नऊशे ग्रॅम ओतून गेल्या तेव्हा मी ते माप हाती घेऊन पाहिले. शेवटचा शिक्का अकरा वर्षांपूर्वीचा! तळाला पोचा. असल्या मापाने माझे वजन मोजून फेकले जाते! दुपारी मी रीतसर माप जप्त केले. रजेवर असलो तरी निरीक्षक आहे. नियम असा की खोटे माप पुन्हा वापरात येऊ नये म्हणून त्याला भोक पाडावे. मास्तरांकडून खिळा घेतला, पेटीतील अर्ध्या किलोच्या वजनाने ठोकला. व्यवस्थापकांकडे लेखी तक्रारही दिली. संध्याकाळपर्यंत हुकूम निघाला: पाणी ओतण्याचा प्रकार बंद.

मोठ्या सिस्टर भांडल्या नाहीत. इतकेच म्हणाल्या, साहेब, तुम्हाला वजनं मोजता येतात, सोडता येत नाहीत.

उद्धट बाई.

गुरुवार, ७ नोव्हेंबर.
वजन १२८.६०० किलो.

ओतले नाही. काहीही आकाश कोसळले नाही. डोकेदुखी कमी.

मास्तरांना शस्त्रक्रियेसाठी नेले. जाताना म्हणाले, माझं सगळं मोरीतून गेलं बुवा, तुमचं कुठून जातंय ते बघा. विनोदाची ही कोणती वेळ?

शुक्रवार, ८ नोव्हेंबर.
वजन १२७.५०० किलो.

सौ. फोनवर सांगत होती की घरी मांजर शिरत असावे. पातेल्यांवरची झाकणे सरकलेली असतात, सायीवर बोट फिरवल्याची रेघ असते. मी म्हटले, खिडकीला जाळी लाव म्हणून सहा वर्षे सांगतो आहे. ती म्हणाली, जाळी आहे की. सहा वर्षांपूर्वीच लावली.

रविवार, १० नोव्हेंबर.
वजन १२३.८०० किलो.

दोन दिवसांत तीन किलो सातशे ग्रॅम. शल्यविशारद खूश. माझी पाठ थोपटली. आयुष्यात प्रथमच कोणी माझ्या वजनावरून माझी पाठ थोपटली. गेल्या वर्षी एका दुकानदाराने गिऱ्हाइकांसमोर मला म्हटले होते, साहेब, माझा तराजू राहू द्या, आधी तुमच्यावर शिक्का मारून घ्या. त्या दुकानाच्या दारात मी पुन्हा उभा राहणार आहे. सडपातळ. हाच माझा खरा हेतू आहे, आता लिहून टाकतो.

एक गोष्ट मात्र जुळत नाही. कमरेला फीत लावली. एकशे अडतीस सेंटिमीटर. पहिल्या दिवशीही एकशे अडतीसच होते. सदऱ्याची बटणे तशीच ताणलेली. मग उतरले ते कुठून?

सोमवार, ११ नोव्हेंबर.
वजन ११८.७०० किलो.

एका दिवसात पाच किलो शंभर ग्रॅम. हे शक्य नाही. काटा प्रमाणित वजनांनी पुन्हा तपासला. बरोबर. माझे सील शाबूत.

एक वाजता फोन. सौ. हसत होती. म्हणाली, कळलं हो मांजर कोण ते! मी विचारले, कोण? म्हणाली, आता साळसूदपणा नको, स्वयंपाकघराच्या दारामागे कोण उभं होतं मघाशी? मला तुमचं खोकणं ओळखू येत नाही होय? पळून येता दवाखान्यातून, चार घास खाता आणि पळता. लहान मुलासारखे.

मी ओरडलो. मी येथून हललेलो नाही म्हणून सांगितले. तिने माझे ऐकून घेतले आणि म्हणाली, बरं बरं, नाही सांगत मी डॉक्टरांना.

हा मेहुण्याचा चावटपणा आहे. त्याला हे महागात पडेल.

मोठ्या सिस्टर दुपारी मुद्दाम आल्या. वजनपत्रक पाहून त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, आजचं तरी ओतू द्या. बाकीचं नाही आवरता यायचं, पण आजचं आवरेल. हातात आंघोळीचा प्लास्टिकचा मग! त्यावर ना रेघ, ना शिक्का. मी स्पष्ट सांगितले: ज्या मापावर शिक्का नाही त्याने माझे काहीही मोजायचे नाही.

त्या मग घेऊन परत गेल्या.

मंगळवार, १२ नोव्हेंबर.
वजन १०८.५०० किलो.

चालताना पायांचा आवाज येत नाही. खाटेवर बसलो तर गादी दबत नाही. आरशात मात्र तोच गलेलठ्ठ मनुष्य. जणू सुटकेस आहे तेवढीच, आतले कपडे कोणी काढून नेले आहेत.

शल्यविशारद म्हणाले, काटा बिघडला आहे, दुसरा मागवू. मी म्हणालो, त्यावर माझे सील आहे. ते म्हणाले, मग तुमचे सील बिघडले असेल. बाजूच्या शिकाऊ डॉक्टरणीला हसू आले. रागाने टेबलावर मूठ आपटली. आवाज झाला नाही. पेला हललासुद्धा नाही.

मेहुण्याला फोन केला. त्याने शपथ घेतली की तो आठवडाभर गावाबाहेर होता. मग म्हणाला, पण भाऊजी, एक सांगू? आज ताईकडे डोकावलो तर तुम्ही ताटावर बसलेले! पाठमोरे होता, पार वाळून गेलाय, पोराएवढी पाठ झालीये. पण काय गप्पा मारल्या तुम्ही! दुकानदाराचा तो किस्सा स्वतःवरच सांगून हसवलंत. तीस वर्षांत प्रथमच वाटलं की आपल्यालाही भाऊजी आहेत.

तो किस्सा मी कोणालाही सांगितलेला नाही. सौ.लाही नाही.

बुधवार, १३ नोव्हेंबर.
वजन ९५.१०० किलो.

सौ. रडत होती. आत्ता तर ताटावरून उठलात आणि लगेच फोन कसला करता, म्हणाली. हाडं वर आलीत हो तुमची. आज धरून काट्यावर उभं केलं, तर चौतीस किलो दोनशे! माणसाचं वजन आहे का हे? आणि वर म्हणता, मीठ बेताचं आहे, सुरेख झालंय. तीस वर्षांनी म्हणालात. मी आता नाही जाऊ देणार तुम्हाला तिकडे.

घरच्या काट्यालाही माझेच सील आहे.

बेरीज केली. ९५.१०० अधिक ३४.२००. एकशे एकोणतीस किलो तीनशे. सहा तारखेचे माझे वजन. सिस्टरांनी दोन दिवसांत मोरीत ओतले तेवढेच खरे गेले. बाकीचे—

बाकीचे माझ्या घरी जेवते आहे.

धावत मोठ्या सिस्टरांकडे गेलो. जप्त केलेले माप परत दिले. भोकावर बोट धरून पाणी भरले त्यांनी, गेलं ते गेलं म्हणाल्या, तीनदा म्हणाल्या. मग माप खाली ठेवले. म्हणाल्या, उपयोग नाही साहेब. त्याला पाय फुटले. आता ते दुसऱ्याच्या हातचं खातं. मी म्हटले, मी घरी जातो, समोरासमोर होऊन जाऊ दे. त्यांनी फाटकापर्यंत पोचवले. फाटकाबाहेर वारा होता. दोन पावले टाकली आणि वाऱ्याने मला कुंपणावर नेऊन लावले. एकशे अडतीस सेंटिमीटरचा मनुष्य, कुंपणाला अडकलेल्या कागदासारखा. सिस्टरांनी एका हाताने ओढून आत आणले.

एका हाताने!

गुरुवार, १४ नोव्हेंबर.
वजन ७४.००० किलो.

वजन उतरवायचे होते. दिले नव्हते कोणाला. हा फरक कोणाला कळतो आहे का?

पूड घेतली, दुप्पट. चारपट. सिस्टरांनी नियम मोडून पोळी आणून दिली. चावली, गिळली. लगेच काट्यावर चढलो. वजन पोळीएवढेही वाढले नाही. माझ्या तोंडातला घास त्याच्या पोटात—

फोन केला. सौ. म्हणाली, कोण बोलतंय? आवाज येत नाही. मी ओरडलो, मी, मी! ती कोणाला तरी म्हणाली, अहो, बघा बाई कोण आहे, नुसता वारा ऐकू येतोय.

आणि मागून कोणीतरी म्हणाले, राहू दे गं, तू आधी बस जेवायला.

मी हिला कधी म्हणालो नाही. तू आधी बस. तीस वर्षांत एकदाही.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर.
वजन ५१.६०० किलो.

डॉक्टरांची फेरी माझ्या खाटेशी थांबली नाही. पत्रक पाहिले, खाट पाहिली, पुढे गेले.

एक वाजता पुन्हा फोन. त्याने उचलला. माझाच आवाज, पण भरलेला, ओला. चावत होता. म्हणाला, काय साहेब, जेवलात का?

मी म्हटले, ते घर माझे आहे. ती बायको माझी आहे. तो म्हणाला, मीही तुमचाच आहे की. तुम्हालाच नको होतो. लिहून दिलंत, सही केलीत.

मग म्हणाला, रागावू नका. राग तेवढा तुमच्याकडेच राहिलाय, तो जपा. आम्हाला नको तो.

हसला. सौ.ही हसली. तिचे ते हसू— लग्नाच्या वर्षी ऐकले होते.

शनिवार, १६ नोव्हेंबर.
वजन २०.२०० किलो.

पाय खाटेच्या गजाला चादरीने बांधले आहेत. अंगावर पेटीतील वजने ठेवली आहेत. पाच, पाच, दोन, एक. काट्यावर चढताना सिस्टरांनी उचलून ठेवले, कपडे वाळत घालावेत तसे.

खाली कार्यालयात मेहुणा येऊन गेला, असे त्या म्हणाल्या. शस्त्रक्रिया रद्द करून गेला. भाऊजी घरी ठणठणीत आहेत, म्हणाला, आणि आम्हाला ते आहेत तसेच हवेत.

आहेत तसेच. मला कोणी कधी असे—

सिस्टरांना सांगितले, मी येथे आहे, पत्रकात लिहा. त्यांनी लिहिले. पण लिहिताना माझ्याकडे पाहत नव्हत्या. खिडकीकडे पाहत होत्या.

रविवार, १७ नोव्हेंबर.
वजन ३.९०० किलो.

पेन जड आहे.

मी वजन मागितले असते तर— ‘परत ये’ म्हटले असते तर— नाही म्हटले. आताही म्हणवत नाही. मी कधी कोणाला ‘ये’ म्हटलेच नाही. माप चुकले, मीठ चुकले, फोडी चुकल्या, एवढेच—

मी चूक नव्हतो. माप खोटेच होते. शिक्का नव्हता त्यावर.

शिक्का नव्हता.

सोमवार, १८ नोव्हेंबर.
वजन— काटा हलत नाही.

सकाळचे दहा. ऊन खाटेवर आले आहे. माझी सावली पडत नाही.

जिन्यावर माणसे. सौ.चा आवाज. मेहुण्याचा. आणि तिसरी पावले— जड, धीमी, पायऱ्या कुरकुरत आहेत. सामान न्यायला आले आहेत. पेटी. चपला. ही वही.

मोठ्या सिस्टर आत आल्या. आजूबाजूला पाहिले. मी येथे आहे. सिस्टर, मी येथे— चादर झटकू नका, वजने उचलू नका— एक, दोन, पाच— 

फरशी पुसत आहेत. ओली आहे म्हणाल्या. वाळायला हवी म्हणाल्या. बटणाकडे हात—

पंखा नको. सिस्टर, पंखा न—

वजन १२९.३०० किलो. काटा बरोबर आहे.

सही: मणभर
आपले घर, जेवून उठल्यावर
सोमवार, १८ नोव्हेंबर